सरकारी खर्चाने नाच

लिंकन, नेब्रास्का
ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप वेल्माताईस,

धाकट्या ऑरिनचा नमस्कार. इकडे मी धडधाकट आहे. तिकडे तुझी कंबर, ग्लेन दाजींचा दमा आणि म्हाताऱ्या कुत्रीचं पोट ही तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. फोनवर कॉलेजचा विषय निघाला की तू "बरं, ठेवते, ओव्हनमध्ये काहीतरी आहे" म्हणतेस (तुझा ओव्हन उन्हाळ्यापासून बंद पडलाय, दाजी बोलले), म्हणून हा कागदी मार्ग पत्करला.

चाळिशी उलटल्यावर पोराटोरांत जाऊन बसू नकोस, लोक हसतील, असं तू म्हणाली होतीस. तसं ते हसले. कसे, ते सविस्तर सांगतो.

सैन्यात राबलेल्याची फी सरकार भरतं आणि वर घरभाड्यालाही पैसे देतं, हे तुला माहीत आहेच. मी विचार केला, उभा जन्म रणगाडे दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा एखादा विषय वेल्डिंगचा घ्यावा आणि बसल्या जागी पास व्हावं. पण मी चाललोय इतिहासाचा मास्तर व्हायला, आणि पदवीला जे विषय लागतात तेवढ्यांचेच पैसे मिळतात. ही गोष्ट ज्या कागदावर ठळक छापली होती, त्यावर मी कॉफीचा मग ठेवत होतो. त्यामुळे माजी सैनिकांच्या खिडकीवरच्या ह्रुस्काबाईंनी मला बोलावून घेतलं. (बाई सत्तरीच्या आहेत आणि चष्म्यावरून अशा बघतात की आमचा जुना सार्जंटसुद्धा बूट पुसायला पळाला असता.) वेल्डिंग गेलं, त्या म्हणाल्या, आता एक विषय कमी पडतो, आणि विषय कमी पडला की घरभाडंही कमी. कलेच्या गटात एकाच वर्गात जागा आहे.

"कुठला वर्ग?"

"नाच. नवशिक्यांचा."

"बाई, माझ्या गुडघ्यात लोखंड आहे."

"मग ते गंजू देऊ नका," असं म्हणून त्यांनी माझं नाव टाकलंसुद्धा.

घरभाड्याचा प्रश्न नसता तर मी तिथूनच पळालो असतो. पण माझी खोली तू पाहिली आहेस. तिच्याहून स्वस्त जागा म्हणजे माझा ट्रक. तेव्हा नाचाची घट्ट विजार घ्यायला निघालो. दुकानात बायकोसाठी हवीय म्हणून सांगितलं, तर दुकानदार तिचाच मावसभाऊ निघाला. आमचा घटस्फोट त्याला माझ्याआधी कळला होता. त्याने शांतपणे माझ्या मापाची विजार काढून दिली.

वर्गात सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. शिकवणाऱ्या ओडालिसबाई त्यांच्याहून फार मोठ्या नाहीत, पण बाईच म्हणायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, वाटेल तसं हला. ताई, इतक्या वर्षांत मला वाटेल तसं हलायला कोणी सांगितलं नव्हतं. मी हात पाठीमागे बांधून पाय फाकवून उभा राहिलो. बाईंनी जवळ येऊन हळुवार विचारलं, "ऑरिन, तुम्ही आत्ता काय आहात?" मी म्हटलं, हजर आहे. (इथे पहिल्यांदा हसले.) पुढच्या वेळी सगळ्यांनी वारा व्हायचं होतं. मी टेलिफोनचा खांब झालो, कारण आपल्याकडच्या सपाट माळावर वारा दिसतो तो खांबाच्या तारा हलतात म्हणूनच. मग जोडीदाराला उचलायचं आलं. माझ्या वाट्याला टॅमसिन नावाची गुरं पाळणाऱ्यांची पोरगी आली. मी तिला एका झटक्यात खांद्यावर टाकून दरवाजाकडे निघालो, कारण मला माणूस उचलणं तेवढ्यासाठीच शिकवलेलं. ती वरून शांतपणे म्हणाली, "काका, मी जखमी नाहीये. खाली ठेवा." (इथे दुसऱ्यांदा. विजार उसवल्यावर तिसऱ्यांदा, पण ते तपशील मोठ्या बहिणीला कळवण्यासारखे नाहीत.)

त्या दिवशी ठरवलं, विषय सोडायचा. ह्रुस्काबाई म्हणाल्या, खुशाल सोडा, मात्र मिळालेल्या पैशांतले काही परत करावे लागतील. तेव्हा परत वर्गात गेलो. या वेळी नुसतं जमिनीवर पडून डोळे मिटायचे आणि श्वास सोडायचा होता. म्हटलं, एवढं जमेल.

ताई, मला झोप लागली. मी रात्री कसा खुर्चीत, टीव्ही लावून, दाराकडे तोंड करून बसतो ते तुला माहीत आहे. आणि इथे, अनोळखी लोकांत, दाराकडे पाठ करून, गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा आमचा वर्ग केव्हाच संपला होता आणि पुढच्या वर्गाची पोरं मला वळसा घालून चवड्यांवर नाचत होती. टेप बारीक आवाजात लावला होता. माझ्या डोक्याखाली टॅमसिनचं जाकीट होतं. कोणी हसत नव्हतं. मी बराच वेळ उठलो नाही, गुडघा आखडला होता म्हणून (असं मी बाईंना सांगितलं).

एकूण, हे कॉलेज म्हणजे निव्वळ मनस्ताप आहे. तू म्हणत होतीस तेच बरोबर. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, कुत्रीला बिस्कीट.

तुझा,
ऑरिन

ता. क. कँटीनमध्ये अजून राजमा-खिम्याच्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल देतात, आपल्या शाळेत द्यायचे तसाच.

ता. क. दुसरा. तू नौदल सोडलंस तेव्हाच्या लोकांना ही फीची मदत सुटल्यापासून पंधरा वर्षंच मिळते. तुझी मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपते. मग ती गेलीच. तू चालवतेस ती शाळेची बस सुटेपर्यंत तू आत बसलेल्या पोरांना गणितं घालतेस, तेही फुकट, हे दाजींकडूनच कळलं. मास्तरीण व्हायचं तुझ्या मनात होतं, माझ्या नव्हे. मी आपला तुझ्या मागून आलो, नेहमीसारखा, फक्त या वेळी चुकून पुढे पोचलो. ये. खोलीत पलंग तुझा. मला जमिनीवर झोप येते.

ता. क. तिसरा. सोमवारी सकाळी ह्रुस्काबाई तुझी वाट बघणार आहेत. त्यांना वाट बघायला लावायची माझी तरी हिंमत नाही. तुझ्यासाठी एका वर्गात जागा राखून ठेवायला सांगितलीय. पोहण्याचा वर्ग. तू बोटीवर नऊ वर्षं काढूनही पाण्याला घाबरतेस, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.