हू, व्हिच आणि साटं

कळसाडी,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय रोशनी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या घरच्यांना मात्र माझा नमस्कार सांगू नकोस, पत्र आलंय हेच कळायला नको. इकडे कापूस वेचणी चालू आहे. सगळे बरे आहेत.

काल तुमच्या खापरची रमिलाबाई इथे लेकीकडे आली. तुझा फोन काढून घेतलाय म्हणाली. आणि तुझा निरोप: ‘रविवारी शिक्षक पात्रतेचा पेपर आहे. हू कुठे, व्हिच कुठे, ताईंनी लिहून पाठवावं.’

तर ऐक. माणसाला हू. वस्तूला, जनावराला व्हिच. दॅट दोन्हीकडे चालतं, फक्त स्वल्पविरामानंतर घालू नकोस. आणि म्हशीला हू लावायचा हट्ट पेपरात नको, बाई! ‘मन्ही म्हैस काय वस्तू शे का?’ म्हणत कुंदन तुझी बाजू घ्यायचा, पण मार्क कुंदन देणार नाही.

ज्याच्यावर क्रिया होते तिथे हूम. ‘द वुमन हूम ही बीट’, म्हणजे ज्या बाईला त्याने मारलं... हे उदाहरण खोड. ‘द गर्ल हूम वुई मिस’ हे घे.

कुंदनचं तू काहीच विचारलं नाहीस. तो जेवतो, शेतात जातो. ओट्यावरच्या तुझ्या चपला कुणाला हलवू देत नाही.

आपली लग्नं साट्याची. तुझ्या भावाला, ललितला मी, माझ्या भावाला, कुंदनला तू, एकाच मांडवात. ललितने माझा हात मोडला, मी माहेरी आले, म्हणून तुझ्या माहेरच्यांनी तुला भरल्या संसारातून उचलून नेलं. मी नांदायला परत गेले की दुसऱ्या दिवशी ते तुला इथे आणून सोडतील. आई रोज म्हणते, ‘जाय माय, दोन्ही घरं वाचतीन.’ कुंदन म्हणतो, ‘तू तठे जाऊ नको,’ आणि तोंड फिरवून रडतो.

तुलाही हे सगळं ठाऊक. तरी तू फक्त व्याकरण विचारलंस. एकदा तरी ‘ताई, परत जा’ म्हणाली असतीस, तर मला तुझ्यावर रागावता आलं असतं.

रोशनी, मी जाणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. हे लिहायलाच बसले होते, व्याकरण आधी लिहून घेतलं. काळीज तुटतंय गं, पण त्या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही.

पेपर मात्र दे. घाईत लिहू नकोस.

आजपासून मी तुझी वहिनी नाही. नणंद मानायचं की नाही, ते तू ठरव.

शीला