कान बुजवायचं यंत्र

१ फेब्रुवारी २००७, गुरुवार

वारंवार विमानात बसणाऱ्या बंधू-भगिनींनो! दोन-दोन तास ती घरघर आपल्या कानांत ओतली जाते आणि आपण गप्प बसतो! — हे भाषण कुठल्याही सभेत करता येणार नाही. माझ्या सभेत विमानात बसलेली मी एकटीच असते. म्हणून इथे.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डावा कान उतरलाय, कमी ऐकतो. दोष माझाच. विमानात मी स्वतःची भाषणं ऐकत बसते — कुठे लांबलं, कुठे सभा हातातून सुटली ते तपासायला — आणि घरघरीवर मात करायला आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवते. डॉक्टर म्हणाले, "बाहेरचा आवाज अडवा, आतला कमी ठेवा. जमलं तर विमानच सोडा."

विमान सोडा! मालकांच्या वकिलांनी उडायचं आणि झाडूवाल्यांच्या प्रतिनिधीने दिल्ली गाठायला रेल्वेत दिवस घालवायचा? सोडत नाही!

२ फेब्रुवारी

कुकटपल्लीहून भाची आली, भावाची दीक्षा. संगणकाच्या कंपनीत आहे, तिला सगळं ठाऊक. "आत्या, बॅटरीवाला हेडफोन घे, जगच बंद होतं!" म्हटलं, जग बंद करायला मी काय कारखानदार आहे? "आत्या, हेडफोन घ्यायचाय गं. जाहीरनामा नाही काढायचा."

माझी भाषणं यंत्रात भरून देते ती हीच कार्टी.

४ फेब्रुवारी, रविवार

नारायणगुड्याच्या हॉलमध्ये सभा. पाचशे झाडूवाल्या! हिंदीतून, तेलुगूतून, मराठीतून करार समजावला. ठेकेदारी संपली. कायम नोकरी, आजारपणाची रजा — पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांना. पन्नाशीवरच्यांचं पुढच्या करारात. आज मिळतंय ते आज घेऊ, उरलेल्यासाठी उद्या भांडू!

"कुणाचा विरोध?" विचारलं. कुणाचा नाही. बाजूने हात वर झाले तेव्हा हॉलची मागची भिंत दिसेना. इतिवृत्तात लिहिलं — एकमताने मंजूर. चौदा तारखेला दिल्लीत सही.

पुढे कर्णा सारखा शिट्टी मारत होता. दीक्षा रेकॉर्डर घेऊन मागे बायकांत जाऊन बसली.

६ फेब्रुवारी

आबिड्सला गेले, हेडफोनसाठी. आमच्या झाडूवाल्यांतली मंगला बरोबर होती. संघटनेची पहिली पावती फाडली ती हिच्या नावाने. सकाळीच कचेरीत येऊन उभी राहिली, काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, चल, वाटेत बोल. वाटेत माझे फोन संपेनात.

दुकानदार हुशार. "बॅटरीवाला नक्को अम्मा, बॅटरी खतम तो खेल खतम. ये लेओ, रबरवाला. कान में फिट बैठ गया तो बस!" रबराच्या टोप्या तीन आकारांच्या. उजव्या कानाला मधली बसली. डाव्यातून तीच सारखी निसटायची. "दोनों कान अलग हैं आपके." डाव्याला लहान! अठ्ठावन्न वर्षं दोन कान घेऊन फिरतेय, मला हे माहीतच नव्हतं.

स्पंजाचीही घालून पाहिली. चिमटीत दाबायची, कानात सोडायची, मग ती फुगते. छान अडवते, पण लवकर मळते, बदलत राहावं लागतं. रबरच बरं. वायर पदराला घासली की कानात ढोल वाजतो, त्यालाही इलाज आहे — ती कानामागून घ्यायची.

दोन्ही घट्ट बसवून दाराशी उभी राहिले. समोर अख्खा रस्ता, आणि रिक्षा मुंग्यांसारख्या मुकाट! मंगलाचे ओठ हलत होते. काढून विचारलं, "काय म्हणालीस?"

"कुठं काय. म्हटलं, बाई, तुमाला कान बुजवायला मशीन कशाला लागतंय!"

दुकानदारासकट सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त. तिला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. पुन्हा कधीतरी.

१० फेब्रुवारी

आमचे अध्यक्ष हिम्मतराव दिल्लीत आधीच पोचलेत. त्यांचा फोन. "ताई, समोरचे विचारतायत, बायका खरंच तयार आहेत ना?" म्हटलं, ज्यांना शंका असेल त्यांनी नारायणगुड्याला यावं! त्यांच्या बंद खोलीतली सभा नव्हती ती. सगळ्यांदेखत हात वर झालेत.

१२ फेब्रुवारी

मंगला दोन दिवस कचेरीत फिरकली नाही. निरोप पाठवला. "येईन" म्हणाली म्हणे.

१४ फेब्रुवारी, बुधवार. विमानात

बेगमपेटहून वेळेवर निघालो. उड्डाण होईपर्यंत हवाईसुंदरीने यंत्र लावू दिलं नाही. मग डाव्याला लहान, उजव्याला मधली, वायर कानामागून. घरघर गेली! आवाज पावपट ठेवून नारायणगुड्याची सभा लावली.

आधी ओळखूच येईना. खुर्च्या सरकतायत. बांगड्या वाजतायत. कुणाचं तरी लेकरू खोकतंय. आणि मी? मी कुठेतरी लांब. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला मागच्या रांगेतून ऐकलं.

"कुणाचा विरोध?" — ती मी. आणि लगेच, अगदी कानाशी, मंगला.

"बाई, मी बावन्नची हाय. मला काढतेत का मग?"

"बस गं, बाई बोलू लागल्यात." शेजारची कुणीतरी.

"बाई!" उभी राहिली असणार, खुर्ची वाजली. "ओ बाई! माझं काय?"

"कुणाचाच नाही! म्हणजे एकमत!" — पुन्हा मी. टाळ्या.

चार वेळा मागे नेऊन ऐकलं. माझा प्रश्न आणि माझंच उत्तर, मध्ये एक श्वास. तेवढीच जागा दिली मी पाचशे बायकांना.

डाव्या कानावर ढकलता येईल. डॉक्टरांचा कागदही आहे पर्समध्ये. नाही ढकलणार! दोन्ही कान धडधाकट असते तरी मी थांबले नसते. आणि आबिड्सच्या वाटेवर तर ती माझ्या उजव्या बाजूला चालत होती.

त्याच दिवशी, विमान उतरताना

यंत्र काढायला सांगितलं. काढलं. घरघर परत आली, आणि तिच्यातही मंगला ऐकू येतेय. "माझं काय?"

खाली हिम्मतराव कागद घेऊन उभे असतील. पेन माझ्या पर्समध्ये आहे.

माझं मलाच सांगते: बाई, सही करू नकोस!