कठड्याला हात न लावता

२ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फेब्रुवारीत तिला बाळ होणार. मी चारही मजले कठड्याला हात न लावता चढणार आणि मगच नातवंडाला मांडीवर घेणार. चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे. गुडघा म्हणजे काय, बिजागरी. तिचं एवढं कौतुक कशाला?

५ जानेवारी
डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरला. म्हणे दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. कशाने, विचारलं. म्हणे वयाने. हा स्वतः खुर्चीतून उठताना टेबल धरतो. फिजिओथेरपीच्या दहा बैठका लिहून दिल्या. हातांनी सांधा मोकळा करतात म्हणे. हातांनी तर आमचा न्हावीही मान मोकळी करतो.

८ जानेवारी
फिजिओथेरपिस्ट म्हणजे सव्वीसएक वर्षांची पोरगी. मनगट काडीएवढं. मला काका म्हणाली. मी सांगितलं, मला सर म्हणतात. म्हणे बरं काका, पाय सैल सोडा. मग गुडघ्याची वाटी दोन अंगठ्यांत धरून अशी सरकवली, जसा अडकलेला ड्रॉवर. डोळ्यांत पाणी आलं. पंख्याचा वारा. शून्य ते दहात दुखणं किती, असं विचारलं. शून्य, म्हटलं. म्हणे छान, मग जोर वाढवते.
आजपासून हिचं नाव पक्कड.

८ जानेवारी, संध्याकाळी
घरी करायचे व्यायाम दिलेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. वर एक तक्ता, रोज खूण करायची. मी अख्ख्या शाळेला उठाबशा काढायला लावल्या. मी टॉवेल दाबू?

११ जानेवारी
बैठक दुसरी. पक्कडीने मांडी एका हाताने दाबून धरली आणि दुसऱ्याने नडगी मागे ढकलली, एकदा नाही, तीस वेळा. दुखणं शून्य सांगितलं.
आमची ही बरोबर आली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठताना हिने गुडघ्यावर हात टेकला, तर पक्कडीचं लगेच लक्ष. म्हणे काकू, तुमचेही बघू का? धंदा वाढवायची रीत. ही टेबलावर चढलीसुद्धा. दुखणं किती? म्हणाली, सात. कधीपासून? म्हणाली, पाच वर्षं.
घरी आल्यावर मी रागावलो. मला सांगता येत नव्हतं? तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी?
याला उत्तर म्हणत नाहीत.

१६ जानेवारी
तक्ता आठ दिवसांचा एकदम भरला. निळं आणि काळं, दोन पेनं वापरली. संशय नको.

१९ जानेवारी
बैठक चौथी. येताना रस्ता न थांबता ओलांडला. नव्या बुटांचा गुण.

२४ जानेवारी
पक्कडीने तक्ता बघितला, मांडी चाचपली, आणि म्हणाली की काका, खुणा दिसतात, स्नायू दिसत नाही. उद्धट. वर म्हणे, माझे हात अर्धा तास, उरलेला दिवस तुमचा. म्हणजे पैसे पक्कडीला आणि काम मी करायचं.
वरिष्ठांकडे तक्रार करायचं ठरवलं. बाहेर चौकशी केली. क्लिनिक तिचंच आहे. वरिष्ठ तीच.

३० जानेवारी
बैठका बंद केल्या. मी केल्या, त्यांनी नाही. पाच झाल्या, पुष्कळ झाल्या. पुढे नैसर्गिकरीत्या बरं होईल.
ही मात्र जातेच आहे. रोज सकाळी भिंतीला टेकून टॉवेल दाबते आणि मोठ्याने आकडे मोजते. मोजणीला ठेका नाही. मी पेपर बाजूला ठेवून ठेका दुरुस्त करून दिला. पुढे हिला फरक पडला तर श्रेय कोणाचं, हे इथे लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी
नात झाली!
ही म्हणाली, चला, हॉस्पिटलला लिफ्ट आहे. मी म्हटलं, लिफ्टनेच जायचं तर संकल्प कशाला केला? नात बघेन ती चार मजले चढूनच. ही एकटीच रिक्षात बसली. रिक्षात चढताना हात टेकला नाही. मुद्दाम.

१८ फेब्रुवारी
शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यावर सराव. पायऱ्या सहा. उतरताना तिथल्या एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? बाई फार चौकस. सहा पुरे. सामन्याआधी खेळाडूला दमवायचं नसतं.

२५ फेब्रुवारी, सकाळी ९
आज. फॉर्म उत्तम.

२५ फेब्रुवारी, सव्वाअकरा, लेकीच्या बिल्डिंगचं गेट
कठड्याला हात न लावता पायऱ्या अकरा. नोंद असावी.
बाराव्या पायरीला उजवा गुडघा बसला. मीही बसणार होतो, कठडा मिळाला. ही पुढे होती, ती मागे आली, हात पुढे केला. मी झटकला. म्हटलं, तू हो पुढे, मी श्वास घेऊन येतो. ती गेली. मध्ये कुठेही थांबली नाही. चपलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर गेला, तिसऱ्यावर गेला, मग दार उघडलं आणि वर सगळे एकदम बोलायला लागले.
मी पाठमोरा होऊन एकेक पायरी खाली आलो. दोन्ही हात कठड्याला. कोणी पाहिलं नाही.
जावई धावत खाली आले. म्हणाले, बाबा, बाळाला खाली आणतो. मी ओरडलो की सोळा दिवसांच्या पोरीला जिन्यातून नाचवता? अक्कल आहे का? ते मान खाली घालून वर गेले. जरा जास्तच लवकर गेले.
मग ही गॅलरीत आली. दुपट्यातलं गाठोडं कठड्यापाशी धरलं आणि ओरडून सांगितलं की नाक तुमच्यावर गेलंय. मला खालून दुपटंच दिसलं. मी हात हलवला.
वॉचमनने खुर्ची आणून दिली. विचारलं, वर कोण? म्हटलं, नात. म्हणाला, वा, नाव काय ठेवलं?
मला माहीत नव्हतं. मान वर करून हिला विचारलं. हिने सांगितलं. रस्त्यावरून टेम्पो जात होता, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. तोवर ही आत गेली होती.
वॉचमनला ऐकू आलं होतं. त्याने सांगितलं.