हिच्या सायकलीची ओळख

तीर्थस्वरूप अक्का,

नमस्कार. तो वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्ष वाकणं सध्या बंद आहे, कारण पुढे येईलच. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं, की ते मुद्दामच बंद ठेवतात? (त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखव. ऐकू आलं तर हसतील.)

मागच्या खेपेला निघताना तू जिन्यातून ओरडली होतीस, "चार माणसांत जात जा रे, भिंतींशी किती बोलशील?" भिंतींशी मी बोलत नाही, त्या उत्तर देत नाहीत. (फ्रिजशी बोलतो. तो अधूनमधून हुंकार तरी देतो.) पण तुझा शब्द खाली पडू नये म्हणून मी सायकलवाल्यांच्या एका मंडळात नाव घातलं. शब्द पडला नाही. मी पडलो.

हे मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी बागेच्या फाटकाशी जमणारी दहा-बारा माणसं. नव्याने येणाऱ्याने आपली सायकल मधोमध उभी करून सगळ्यांना तिची ओळख करून द्यायची, असा तिथला नियम. उभी करून म्हणालो खरा, पण त्यांच्या एकाही सायकलीला स्टँड नाही. स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. आपल्या सायकलीचं एवढं सामान गायब झालं असतं तर आपण पोलिसांत गेलो असतो. ही माणसं त्याचेच जास्त पैसे मोजतात. बँकेतल्या एका बाईंनी आपल्या सायकलीचं वजन असं कौतुकाने सांगितलं, जसं बाळंतिणीने बाळाचं सांगावं. (बाळाचं जास्त भरलेलं आवडतं, यांना कमी भरलेलं, एवढाच फरक.)

माझी सायकल तू पाहिली आहेस. ती चालवण्यापेक्षा ढकलणं सोपं. म्हणून हिला जाऊन दीड वर्ष झालं तरी गॅलरीत चादरीखाली उभी असलेली हिचीच सायकल पुसून घेऊन गेलो. हिरवी, बायकांची, पुढे टोपली. मला वाटलं, हसतील. पण मी बोलायला लागलो आणि थांबेचना. दुकानदार लाल दाखवत होता आणि हिने हिरवीसाठी कसा हट्ट धरला, ते सांगितलं. वळण्याआधी दोनदा घंटी, आणि वळून झाल्यावर पुन्हा एकदा, 'वळले हं' म्हणून, तेही सांगितलं. टोपलीत वाचनालयाच्या पुस्तकावर भाजी, त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक कादंबरीला कोथिंबिरीचा वास, हेसुद्धा. सगळे आपापल्या सायकली धरून ऐकत होते. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "काका, सायकलीची अशी ओळख आजवर कोणी करून दिली नाही हो." अक्का, एवढ्या माणसांनी एकदम माझं ऐकून घेण्याचा हा पहिलाच प्रसंग. माझ्या लग्नातसुद्धा तूच बोलत होतीस.

त्यानंतरचे रविवार बरे गेले. (सोमवार ते शनिवारच्या रचनेतच अजून काहीतरी चूक आहे.) मग गेल्या रविवारी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की आज सायकलींची अदलाबदल करू या. माझ्या वाट्याला आली दातांच्या डॉक्टरची सायकल. हा माणूस ताडमाड उंच आणि सदा हसतमुख (दात दाखवणं हा त्याच्या धंद्याचाच भाग). हिच्या सायकलीची सीट त्याला वर करून हवी होती. मी करू दिली नाही. का, ते विचारू नकोस. बिचारा तसाच बसला आणि गुडघे कानांपर्यंत नेत, वाटेत दिसेल त्याला घंटी वाजवत निघून गेला.

त्याच्या सायकलीचे बूटही वेगळे, तेही मी चढवले. ते पॅडलमध्ये खटकन अडकतात, आणि टाच बाहेर वळवली की सुटतात. हे त्याने मला नीट सांगितलं होतं. सिग्नल लाल झाला तेव्हा सगळ्यांनी पाय टेकले. माझा पाय पॅडलला चिकटून राहिला. अक्का, उभ्या सायकलीवरून पडायला फार वेळ लागतो. बाजूच्या रोपवाल्याने आपल्या कुंड्या पाहिल्या, मला पाहिलं, "अहो, अहो!" म्हणाला, एक कुंडी उचलूनही घेतली, आणि मग मी उरलेल्यांवर आडवा झालो. पाय तरीही सुटले नाहीत. डॉक्टरने धावत येऊन सवयीप्रमाणे आधी माझे दात पाहिले. ते शाबूत होते. कमरेचं नंतर कळलं.

घरापर्यंत सोडायचा सगळ्यांनी फार आग्रह केला. मी कोपऱ्यावरूनच सगळ्यांना वाटेला लावलं. घर आवरलेलं नव्हतं.

हिची सायकल कशीबशी वर चढवली. मलम सापडलं, पण पाठीच्या नेमक्या जागी स्वतःचा हात पोचत नाही, हे तोवर माहीत नव्हतं. शेवटी दाराच्या चौकटीला मलम फासलं आणि तिला पाठ घासली. उपाय चांगला आहे, कोणाला सांगू नकोस. चौकटीला आता अजिबात दुखत नाही.

बाकी ठीक. काळजी नसावी. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. घर आवरलेलं होतं. कारण वेगळं आहे. त्या पहिल्या रविवारी मी ओळख करून दिली ती सगळी वर्तमानकाळात. 'ही वळताना घंटी वाजवते', 'ही म्हणते'. आयुष्य छापखान्यात लोकांची क्रियापदं तपासण्यात गेलं आणि माझी मलाच धरता आली नाहीत. मग डॉक्टरने विचारलं, "काकू का नाही आल्या?" मी म्हणालो, "घरी आहे." त्या दिवशी परतताना मी जिना जरा भराभर चढलो.

दुसरं ता. क. येत्या रविवारी सगळी मंडळी माझी कंबर पाहायला आणि काकूंना भेटायला घरी येणार आहेत. बँकेतल्या बाईंनी हिच्यासाठी नवी घंटी घेतली आहे. तू शनिवारीच ये. हिचं सोंग वगैरे घ्यायचं नाही. (तुझ्या आवाजाने पहिल्याच वाक्याला पकडले जाऊ.) मला त्यांना खरं सांगायचं आहे. पण अक्का, 'ती गेली' हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तुलाही शेजाऱ्यांनीच फोन केला होता; छापखान्यात भावोजींनी कळवलं; बाकीचे आपापले कळून आले. माझ्या तोंडाला ते शब्दच माहीत नाहीत. तू दारात माझ्या शेजारी उभी राहा. एक अक्षर बोलू नकोस (जमेल ना?). बोलेन मी.