आईचं गंगावन

दिग्रस, मंगळवार, ता. २८ नोव्हेंबर १९६१

आज तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते, तर मागून एक मुलगी ओरडली, "बाई, तुमच्या वेणीवर ढेकूण चालून राह्यला!" मी तो तिथल्या तिथे बोटांनी चिरडला आणि हात पदराला पुसला. लाल डाग पडला. सगळा वर्ग हसला. हसू दे कार्ट्यांना.

पण केसांत उवा होतात, ढेकूण कसा येईल? घरी वेणी सोडली तेव्हा कळलं. आईचं गंगावन! स्वतःचे गळालेले केस वर्षानुवर्षं जमवून तिनं माझ्यासाठी वळलेलं. ती ज्या खाटेवर गेली, तिच्या वरच्या खुंटीला दोन महिने ते लटकत होतं. आज पहिल्यांदाच वेणीत घातलं.

वहिनी म्हणाली, "चुलीत टाका ते. मेलेल्या माणसाचे केस कायले ठेवता?" मी ऐकलं नाही. घमेल्यात ठेवून वर उकळतं पाणी ओतलं. ढेकूण वर तरंगले, आणि शिकेकाईचा वास आला. तिचा.

आईला शेवटची अंघोळ मीच घातली होती. तेव्हा पाणी फार कढत नाही ना, म्हणून आधी हात बुडवून पाहिला होता. आज पाहिला नाही.

त्या खाटेवर आईनंतर कोणी निजलेलं नाही. मग ढेकणाच्या पोटात रक्त कोणाचं? माझंच असेल. मानेवर गांधी उठल्यात, म्हणजे माझंच.

गंगावन दोरीवर वाळतंय. पातळ भिजवायला घेतलं, पण डागाचा पदर काही पाण्यात बुडववेना. तसंच घडी करून पेटीत ठेवलं.