बाळ घरी येईल त्या दिवसापासून

१२ मार्च, मंगळवार

पहिली पाळी. सुटल्यावर युनियनच्या खोलीत मागणीपत्राची बैठक. पगारवाढ, बस, कँटीन, इथपर्यंत सगळे गंभीर. शेवटची मागणी मी वाचली: कामगाराला मूल झालं की जन्माच्या दिवसापासून पंधरा दिवस पगारी पितृत्व रजा. सगळी खोली हसली.

अध्यक्ष अण्णा म्हणाले, "बाप काय दूध पाजणारंय का रे? घरात बसून पंखा बघंल नुसता."

मागणी ज्याची, तो गणेश दाराशी उभा. माझ्याच लाइनवर प्रेस चालवतो. कान लाल झाले त्याचे.

मागणी राहिली. मी हट्ट धरला म्हणून. मला स्वतःला पूर्ण पटली आहे का, माहीत नाही.

कायदा विचारून घेतला. बाईला सहा महिने. केंद्र सरकारच्या नोकराला, बाप झाल्यावर, पंधरा दिवस. खाजगीतल्या बापाला कायद्यात काही नाही. मिळेल ते करारात मिळेल.

१६ मार्च, शनिवार

टँकर आज पण नाही. घरी बायकोने, मंदाने, कालच्या भांड्यांना राख लावून ठेवली. मी मारुतीला गेलो. देवाचं स्नानही तांब्याभर पाण्यात उरकलं होतं पुजाऱ्याने.

गणेश तिथंच भेटला. पायरीवर बसलो. बायको सारिका, पहिलं बाळंतपण, करमाडकडं माहेरी. दिवस भरत आलेत.

मी विचारलं, "माहेरी आहे ती. मग तुला रजा कशाला?"

"तिथली हीर आटली काका. सव्वा महिना झाला की आणून घालणार तिला. मग हितं कोण हाय? आई छावणीवर बसलीय गुरं घेऊन. ती येती व्हय जनावरं सोडून?"

"पाऊस पडल्यावर येईल."

"पडल्यावर पेरणी. मग तर नायच येत."

पूर्वी सुनेच्या मदतीला सासू गावाहून यायची, महिनाभर राहायची. आता सासू छावणीत आणि सून दहा बाय बाराच्या खोलीत.

२१ मार्च, गुरुवार

धुळवड. सुट्टी. पाणी नाही, त्यामुळे पोरांनी कोरडाच रंग खेळला. गल्ली गुलाबी झाली, कुणी ओलं झालं नाही.

दुपारी गच्चीवर बसलो होतो. मी आलो तेव्हा इथून पुढं सगळी ज्वारी होती. सकाळी पाळीला जाताना पँटला दव लागायचं. आता सातमजली इमारती, आणि त्यांनाही टँकरच.

आमची मुलगी चिमी तीन महिन्यांची होऊन मंदाच्या माहेराहून आली, ते सालही असंच कोरडं. पत्र्याची खोली, गल्लीत एकच नळ. मंदा बाळाला घेऊन रिक्षातून उतरली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "अहो, आता?" मला पण तेच विचारायचं होतं.

दुसरी पाळी चालू होती माझी. शेजारच्या मशीनवर पहिल्या पाळीला रफिक. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे जा ना भई, पैली बेटी है. मशीन को क्या मालूम हाथ किसका है." स्वतःची पाळी संपल्यावर माझ्या जागेवर उभा राहिला. तीन दिवस. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखा पुढं जायचा. सगळ्यांचं तसंच चालायचं तेव्हा. कुणाची आई आजारी, कुणाचं लगीन, कुणाचं बाळ. पाळी एकमेकांत फिरायची.

त्या तीन दुपारी अजून डोळ्यांपुढं आहेत. पत्रा तापलेला. मंदाच्या जुन्या लुगड्याची झोळी, दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. मंदा झोपलेली, किती दिवसांनी कोण जाणे. खोलीत ओवा-शेपेच्या धुरीचा वास. चिमीने डोळे उघडले आणि रडली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी पण बघत राहिलो. हरिपाठ म्हणायला घेतला, दोन ओळींत विसरलो.

आता फाटकावर अंगठ्याचं यंत्र आहे. त्याला बरोबर कळतं अंगठा कुणाचा.

रफिक तब्येतीमुळं लवकर निवृत्त झाला. ईदेला फोन करायचा आहे.

२७ मार्च, बुधवार

व्यवस्थापनाबरोबर पहिली बैठक. साहेब तरुण, नम्र, पुण्याचे. शेवटच्या मागणीवर आले आणि चष्मा काढला.

"काका, एक विचारू? तुमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना?"

"होय."

"मग बाळ करमाडला आणि बाप इथं बजाजनगरला. तो रजा घेऊन करणार काय? सासुरवाडीला जावई म्हणून जेवणार?"

अण्णा सगळ्यात मोठ्यानं हसले. आपलीच बाजू, पण हसले. साहेब म्हणाले तीन दिवस देऊ, जन्मापासून, बिनपगारी. जन्मदाखला जोडायचा.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "सोडून दे ही. हिच्या बदल्यात बस मागू. बस समद्यांना लागती."

वाईट याचं वाटलं की साहेब खोटं बोलले नव्हते.

३० मार्च, शनिवार

मंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"चिमी झाली तेव्हा तुम्ही कवा आला होता?"

"बारशाला."

"आन् केलं काय?"

काय केलं. ओसरीवर सतरंजी टाकून बसवलं मला. चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. सासरे हवापाण्याचं बोलत राहिले. आतल्या खोलीत बायका. चिमीला दुपट्यात गुंडाळून कुणीतरी दारापर्यंत आणली, दाखवली, आत नेली. संध्याकाळच्या एस.टी.ने मी परत.

"तवा तुमचं तिथं कामच नव्हतं," मंदा म्हणाली. "काम होतं मी हितं आल्यावर. ते पहिले आठ दिवस. इचारून बघा कुणालाबी."

मी खुळ्यासारखा बघत बसलो. सरकारी नियम जन्मतारखेवरून मोजतो म्हणून आम्ही पण जन्मापासून लिहिलं. मागणी लिहिणाऱ्या आम्हा पाच जणांपैकी एकाचंही मूल त्याच्या स्वतःच्या घरी जन्मलेलं नाही. आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही.

६ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी उभारली. गणेशचा फोन. मुलगी! दोघी बऱ्या आहेत. "पाडव्याची हाय काका." आवाज फुटत होता.

८ एप्रिल, सोमवार

गणेश परत कामावर. पाडव्याच्या सुट्टीला जोडून रविवार मिळाला, तेवढाच गेला होता. जेवणाच्या सुट्टीत जवळ बसला. पेढे दिले, पण चेहरा उतरलेला.

"सासूबाईंनी सकाळी पाणी तापवून दिलं आंघुळीला. मी बादलीभर घेतली. नंतर मेहुणा बोलला, ते सारिकासाठी ठिवलं होतं. जावई म्हणून कुणी बोललं नाय मला. बाळंतिणीचं पाणी मी अंगावर घेतलं काका."

बराच वेळ डबा उघडला नाही त्याने. शेवटी माझ्यातली भाकरी दिली.

१० एप्रिल, बुधवार

दुसरी बैठक. जाताना मारुतीला हात जोडून गेलो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. गावच्या शाळेत शिकलो, साहेबांपुढं अजून उभं राहूनच बोलावंसं वाटतं.

बसूनच बोललो. म्हणालो, "साहेब, तुमचं बरोबर होतं. आमचंच लिहिताना चुकलं. जन्मापासून नको. बाळ आणि बाळाची आई माहेराहून घरी येतील, त्या दिवसापासून द्या."

साहेबांनी कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण घरी आल्याचा दाखला कोण देणार? जन्माचा नगरपालिका देते."

आणि अण्णा एकदम, "मी देतो की. पाळण्यात वाकून बघून येतो. अध्यक्ष कशाला केलंय मला?"

साहेब हसले. या वेळी आम्ही सगळेच हसलो, पण ते हसणं वेगळं होतं. मग साहेबांनी विचारलं, "पगारी?"

अण्णाच बोलले. "बिनपगारी दिली तर कोण घेतंय साहेब? घरात नवं तोंड आलंय आन् बाप पगार बुडवून बसंल? मग तो कामावरच येणार."

प्रस्ताव पुण्याच्या मुख्य कचेरीला पाठवतो म्हणाले.

जिन्यात अण्णांना विचारलं, बसचं काय. म्हणाले, "आसू दे. माझा धाकटा हितंच कामाला हाय, त्याची बायको मेमधी बाळंतपणाला जायची हाय माहेरी." आणि भराभर पुढं गेले.

२५ एप्रिल, गुरुवार

पुण्याचं उत्तर नाही. ऊन फार. मशीनचं तेलही गरम लागतं हाताला. चिमीला सहज सांगितलं, तू झोळीतून माझ्याकडं कशी बघत होतीस. ती म्हणाली, "पप्पा, एवढ्याशा बाळाला दिसत पण नाही नीट." असेल. मला तर दिसत होतं.

१५ मे, बुधवार. एकादशी

काल सारिका आली बाळाला घेऊन. गणेशची दुसरी पाळी. साठवलेल्या सगळ्या सुट्ट्या बाळंतपणाच्या आधीच्या धावपळीत संपल्या. तिला खोलीत सोडून, कुलूप-किल्ली दाखवून तो कामावर आला. मी सुटताना फाटकावर दिसला, लक्ष नव्हतं, मी दोनदा हाक मारली.

मंदा काल दुपारपासून तिकडंच. पोरीला न्हाऊ घातलं, सारिकाला झोपवलं. म्हणते, "पोर गोड हाय. पण तिची आई घाबरलीय. सारखी दाराकडं बघती."

१७ मे, शुक्रवार

पुण्याचं उत्तर आलं. साहेबांनी मला आणि अण्णांना बोलावून वाचून दाखवलं. रजा मंजूर. सात दिवस, पगारी, बाळ घरी येईल त्या दिवसापासून. अण्णांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

मग शेवटची ओळ. करारावर सही झाल्यानंतर जन्मलेल्या बाळांनाच लागू. सही उद्या सकाळी, नाहीतर सगळा करार पुन्हा पहिल्यापासून.

अण्णांच्या घरच्या बाळाला मिळेल. गणेशच्या पोरीला नाही.

अण्णा माझ्या आधी जिना उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "मागणी त्या पोराची होती रे." एवढंच.

सुटताना दुसरी पाळी आत येत होती. गणेशला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "करा सही काका. माझी तर आली घरी. काकू हाएत, भागतंय कसंतरी. मागून येणारांचं आडवू नका माझ्यासाठी."

आत गेला. यंत्रावर अंगठा ठेवला. मग मागं वळून आला, लायनीतल्यांना बाजूला करत.

"पण एकदा इचारून तर बघा."

घरी येऊन देवापुढं दिवा लावला. बसलो. मंदा अजून तिकडंच आहे. साहेबांना विचारावं, तर ते करार मागं घेतील का, माहीत नाही. न विचारावं, तर उद्या दुपारी गणेश पाळीला येईल आणि माझ्याकडं बघेल.

सही अकराला. साहेब दहाला येतात.