उघड्या दाराचा मायक्रोवेव्ह

सोमवार, ३ मार्च

मायक्रोवेव्हचं दार लागत नाही. बिजागरी निखळलीय. दाबून धरलं तरच चालू होतो. नवऱ्याला सांगितलं. "बघतो," म्हणाला. म्हणजे बघणार नाही!

गुरुवार, ६ मार्च

बघितलं! आणि काय दिवे लावले — दाराच्या खटक्यातच काहीतरी ठोकून बसवलं. आता दार सताड उघडं असलं तरी मशीन सुरूच! भाजी काढायला हात आत घालणार, तेवढ्यात तबकडी फिरताना दिसली. अंगावर काटा आला.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथली मुलगीच घाबरली. "मॅडम, आधी प्लग काढा! उघड्या दारानं चालला तर अन्नासारखा हातही भाजेल."

नवरा हसला. "त्यांना नवीन खपवायचाय."

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो म्हणतो तर असेल ठीक." झालं! मुलाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी प्लग काढला, वायर गुंडाळून चिकटपट्टीनं बांधली. "हा भंगारात दे." "देतो," म्हणाला. लगेच! भांडण नाही, काही नाही.

रविवार, ९ मार्च

ओटा मोकळा. बरं वाटलं.

मंगळवार, ११ मार्च

भंगारात नाही दिला. माझ्या आईला दिला!!

सकाळी तिचा फोन — "जावई किती मायेनं घेऊन आले गं. आता सारखा गॅस पेटवायला नको." आई एकटी राहते. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं अंदाजानं. मी किंचाळलेच, "त्याला हात लावू नकोस!"

ती हळूच म्हणाली, "लावला गं. कालच."

दूध तापत ठेवलं होतं. दार उघडलं, आता बंद झालाच असणार असं समजून आत पेला चाचपत राहिली. मी तशीच तिच्याकडे गेले. बोटं टरारून सुजलेली. डॉक्टर म्हणाले, आतपर्यंत भाजलंय, स्पर्श पूर्वीसारखा परत येईल असं सांगता येत नाही. जी बाई बोटांनीच बघते तिची बोटं!

आणि वर तिचंच मला, "जावयांना बोलू नकोस हं. माझाच वेंधळेपणा."

बुधवार, १२ मार्च

बोलले. नाही कशी बोलणार!

"मी काय मुद्दाम केलं? चांगलं करायला गेलो तर —"

"एवढा चांगला होता तर स्वतःच्या आईला का नाही वापरायला दिलास?"

"तिला काय कळतंय? तिच्या हातात मी रिमोटसुद्धा देत नाही."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यानं पाहिलं त्यांना. पाहूनही बोलत राहिला — आमच्या दोघींबद्दल, बायकांच्या अकलेबद्दल. त्या आत गेल्या.

मी अंगावरच्या कपड्यांनिशी आईकडे आले. मायक्रोवेव्हची वायर मुळापासून कापली, मग स्वतः भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला.

शुक्रवार, १४ मार्च

त्याचा फोन — "तमाशा पुरे. घरी ये." माफीचा एक शब्द नाही. आईला भरवायचं होतं. ठेवून दिला.

रविवार, १६ मार्च

दुपारी बेल वाजली. सासूबाई! हातात दोन पिशव्या. आल्या समजूत काढायला, असं वाटून मी दारातच आडवी उभी राहिले. त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. "तुझे कपडे." दुसरी तशीच छातीशी धरून म्हणाल्या, "मलाही ठेवून घ्याल का गं इथं?"